आबांचा होकार

जवारी लावायची वेळ आली की केरबा सुतारांच्या घरात टीव्ही बंद, मिक्सर बंद, छताचा पंखासुद्धा बंद. मे महिना असो, घामाच्या धारा लागोत, पंखा बंद म्हणजे बंद. एकदा पाहुण्याने न कळून बटण दाबलं, तर त्याला केरबांनी, म्हणजे आबांनी, असं काही सुनावलं की तो जेवायला थांबला नाही. मिरजेतली ती सगळी गल्ली हा नेम पाळायची. शेजारचा फॅब्रिकेशनवाला ग्राइंडर लावण्याआधी दारातून डोकावून विचारून जायचा.

जवारी म्हणजे काय, हे ज्याला माहीत नाही त्याला थोडक्यात सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या एका पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. घोडी दिसायला सपाट, पण सपाट नसते. कानशीने तिला केसाएवढा उतार द्यायचा आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा नेमक्या जागी बसला की तार घोडीला घासत, कुरवाळत कंप पावते आणि आवाज उमलतो. खर्जाची तार छेडली की कुणी न वाजवलेला गंधार तिच्यातून आपसूक ऐकू येतो. तो आला तर जवारी लागली. कानशीचा एक हात जास्त पडला की गंधार गेला. हे डोळ्यांनी दिसत नाही, कानानेच कळतं, आणि म्हणून शांतता लागते.

एव्हाना मोबाइलमधले तंबोरे इतके सुधारले होते की शिकाऊ पोरं त्यांच्यावरच भागवायची. खरा तंबोरा घेणारे उरले होते थोडे, आणि ते हाताच्या जवारीसाठीच घ्यायचे. त्यांच्यात आबांच्या छापाला मान होता. तंबोरा पुरा झाला की आबा डोळे मिटून ऐकायचे, ‘मार छाप’ म्हणायचे, आणि मग तापवलेला लोखंडी छाप दांडीच्या मागे उमटायचा. छाप नाही तर तंबोरा उंबरा ओलांडत नसे.

धनाजी त्यांचा एकुलता एक मुलगा. एकोणीस वर्षं बापाच्या हाताखाली काम केलं, पण त्याच्या जवारीवर आबा एकदाही ‘मार छाप’ म्हणाले नव्हते. ते ऐकायचे, तोंड वाकडं करायचे, त्याच्या हातातून कानस घ्यायचे आणि दोनच हात फिरवायचे. त्या दोन हातांनी तंबोरा जिवंत व्हायचा, हे धनाजीला नाकारता यायचं नाही, आणि त्याचंच त्याला जास्त लागायचं. चाळिशी आली तरी गिऱ्हाइकं त्याला ‘केरबांचा मुलगा’ म्हणूनच ओळखायची. मेल्यावर तरी म्हणतील का माझ्या कामाला बरं, असं तो बायकोला एकदा चिडून बोलला होता. कोण मेल्यावर, हे त्याने सांगितलं नाही आणि स्वप्नालीनेही विचारलं नाही.

मग आबांना एकेक स्नायू निकामी करत नेणारा आजार झाला. आधी बोटं गेली, मग हात, मग जीभ. डोकं शाबूत, कान शाबूत, बाकी माणूस खुर्चीत ठेवलेला. स्वप्नाली बाराखडीच्या तक्त्यावर बोट फिरवायची आणि हव्या त्या अक्षराला आबा पापणी मिटायचे. एका वाक्याला अर्धा तास. तेवढा अर्धा तास घालवून आबांनी काय सांगावं, तर ‘पंचम मेलाय’. पुढे पापण्याही जड झाल्या आणि घरात गळ्याचा पट्टा आला.

माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूकडून गळ्याच्या स्नायूंना विजेचा बारीक निरोप जातो. स्नायू हलेनासा झाला तरी निरोप बराच काळ येत राहतो. पट्टा तो टिपतो, लॅपटॉप त्याचा अर्थ लावतो, आणि आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजावरून घडवलेल्या त्या माणसाच्याच आवाजात बोलून दाखवतो. हा अर्थ लावायला एका वेळी हजारो छोटी गणितं करावी लागतात. तसली गणितं करायला लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स प्रोसेसर असतो. मुळात तो पडद्यावर चित्रं काढायला बनवलेला, पण गणित तेच. आबांच्या लॅपटॉपमध्ये असे दोन होते. एक छोटा, मुख्य चिपच्या पोटातच बसलेला. दुसरा मोठा, स्वतंत्र, ताकदीचा आणि तापट. तो कामाला लागला की लॅपटॉपचे दोन्ही पंखे सुसाट सुटायचे.

पट्टा बांधल्याच्या पहिल्या दिवशी आबा स्वतःच्या आवाजात बोलले ते असं: “ह्या पोराने घोडीचा सत्यानाश केलाय.” स्वप्नाली रडली. धनाजीही रडला, पण त्याच्या रडण्यात थोडा वैताग होता.

अडचण पंख्यांची झाली. जवारी ऐकायला आबा कामाच्या खोलीत हवेत, बोलायला लॅपटॉप हवा, आणि लॅपटॉप म्हणजे पिठाची गिरणी शेजारी लावल्यासारखी घरघर. त्या घरघरीत ना धनाजीला गंधार ऐकू येई ना आबांना. आबांनीच फर्मावलं की हे धूड गप्प करा. धनाजीने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने नीट समजावून सांगितलं. बोलण्याचा प्रोग्राम कोणत्या प्रोसेसरवर चालवायचा ते सेटिंगमध्ये निवडता येतं. छोट्यावर टाकलं की पंखा जवळजवळ बंद राहील. मात्र छोट्यावर छोटंच मॉडेल मावतं. निरोप क्षीण असला, तर मोठा प्रोसेसर ‘अस्पष्ट’ म्हणून थांबतो. छोटा थांबत नाही, अशा वेळी माणसं साधारण काय बोलतात ते शोधून मोकळी जागा भरतो. चहापाण्याला चालेल, ती म्हणाली, पण महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा मोठ्यावर घ्या. बदल केला की सगळं पुन्हा चालू व्हायला सातआठ मिनिटं लागतात, एवढंच.

धनाजी हो हो म्हणाला. आता तंबोरा शांततेत ऐकायचा आणि मग आठ मिनिटं थांबून मोठ्या प्रोसेसरवर आबांना विचारायचं, हे न सुचण्याइतका तो खुळा नव्हता. पण एका तंबोऱ्याला असं दहा वेळा विचारावं लागतं. आणि आठ मिनिटं हातावर हात ठेवून बसायचं कशासाठी, तर ‘नाही’ ऐकायला? त्याने लॅपटॉप छोट्यावर टाकला आणि कानस उचलली.

पहिला तंबोरा धारवाडच्या एका मास्तरांचा होता. धनाजीने चार तारा छेडल्या. जोडाच्या मधल्या दोन तारा बऱ्या बोलल्या. खर्जातला गंधार मात्र नाकात बोलल्यासारखा येत होता, मोकळा होत नव्हता. धनाजीने तो ऐकला. आता आबा घोडी उतरवायला लावणार, म्हणून तो मनाची तयारी करून बसला.

“छान लागलंय,” लॅपटॉपमधून आबा म्हणाले. “मार छाप.”

धनाजीच्या हातातली कानस खाली पडली. त्याने पुन्हा विचारलं. आबा पुन्हा तेच म्हणाले, वर ‘धना’ अशी हाकही मारली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. ते बघून धनाजीलाही भडभडून आलं. त्याने बापाचे पाय धरले, छाप तापवला, मारला, आणि संध्याकाळी घरात जिलेबी आणली. खर्जाचं काय, हा विचार एकदा डोक्यात आला. पण एवढा मोठा कान ‘लागलंय’ म्हणतोय, तर आपण कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप मोठ्या प्रोसेसरवर होता, कारण स्वप्नाली आबांना औषधांचं विचारत होती. तिचं विचारून झालं तशी आबांनी धनाजीला हाक मारली.

“काल मी नाही म्हणलो,” पंख्याच्या घरघरीतून आबांचा आवाज आला. “दोनदा म्हणलो. नाही.”

“आबा, सगळ्या घराने ऐकलंय. तुम्हीच म्हणालात.”

“मशीन म्हणलं. तंबोरा परत आण.”

तंबोरा तोवर पार्सलने धारवाडच्या वाटेला लागला होता. धनाजीचं डोकं फिरलं. एकोणीस वर्षांनी एक दिवस दिला, तोही सकाळी उठून काढून घेतला, असं त्याला वाटलं. हे असंच माणूस आहे, दिलेलं खुपतं त्याला. फोनवरची मुलगी काय म्हणाली होती, ते त्याला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण ‘आबा दिलेला शब्द फिरवतायत’ हे जास्त सोयीचं होतं, आणि माणूस सोयीचं तेच धरून बसतो. तो उठला, सेटिंग उघडलं आणि ‘कायम छोटा प्रोसेसर’ या ओळीपुढे खूण केली. ‘स्पष्टता कमी होऊ शकते’ अशी पाटी पडद्यावर आली. त्याने ती बंद केली.

स्वप्नाली बघत होती. तिने विचारलं तर तो म्हणाला, तुझं डोकं दुखतं ना त्या आवाजाने. दुखत होतंच तिचं. शिवाय मोठ्या प्रोसेसरवर आबा तिच्या आमटीला नावं ठेवायचे आणि छोट्यावर ‘आमटी झकास झालीय, सूनबाई’ म्हणायचे. ती बिचारी दिवसभर त्यांचं सगळं करायची, तिला दोन गोड शब्द हवे होते. ती आमटीला फोडणी द्यायला आत गेली.

वर्षभर घरात मोठी शांतता नांदली. भेटायला येणारे म्हणायचे, दुखण्याने म्हातारा निवळला हो. आबा सगळ्यांना ‘या, बसा, चहा घ्या’ म्हणायचे. धनाजीच्या प्रत्येक तंबोऱ्यावर ‘छान लागलंय’ म्हणायचे. त्यांचे डोळे भरून यायचे आणि गिऱ्हाइकांना गहिवर यायचा. बापाच्या डोळ्यांदेखत मुलाने विद्या राखली, असं एकाने मोबाइलवर चित्रफीत करून टाकलं, तर मागणी दुप्पट झाली. धनाजी ताठ मानेने चालायला लागला. अधूनमधून एखाद्या तंबोऱ्याचा गंधार अडकायचा, पंचम बसका यायचा. ते त्याला कळायचं. पण तो आबांकडे बघायचा, आबा होकार द्यायचे, आणि छाप तापायचा. हळूहळू त्याने घोडी दुसऱ्यांदा उतरवून बघणं सोडलं. कशाला उतरवायची?

मार्चमध्ये बेळगावच्या यशोधराबाई काणेकर आल्या. साठी उलटलेल्या गायिका, आबांनी लावलेले तीन तंबोरे त्यांच्याकडे होते. चौथा त्यांनी दिवाळीनंतर महिन्याने नेला होता, तो धनाजीचा. तोच घेऊन त्या आल्या होत्या. गाडीतून उतरल्यावर पाणीसुद्धा न घेता त्या आबांसमोर सतरंजीवर बसल्या. तक्रार अशी काही केली नाही. म्हणाल्या, आबांना एकदा ऐकवावा म्हटलं.

तंबोरा मांडीवर घेऊन त्या क्षणभर घोडीशी काहीतरी खुडबुड करत होत्या. मग त्यांनी तारा छेडल्या. तीन तारा बोलल्या. चौथी, खर्जाची, ठक्क वाजून मेली. पत्र्यावर खडा पडावा तशी. बाईंनी तिच्याखालचा दोरा काढून घेतला होता. तो त्यांच्या चिमटीत धनाजीला स्पष्ट दिसत होता. दोरा नसलेली तार काल शिकायला लागलेल्या पोरालाही कळते.

“छान लागलंय,” आबा म्हणाले. “मार छाप.”

स्वयंपाकघराच्या दारात स्वप्नाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती तिथेच थांबली. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाईंनी पुढे होऊन पदराने ते पुसलं, आबांच्या हातावर हात ठेवला आणि मग धनाजीकडे वळल्या.

“हे तुमचे वडील बोलत नाहीत, धनाजी,” त्या म्हणाल्या. “किती दिवस झाले?”

बाई तंबोरा तिथेच ठेवून निघून गेल्या.

पट्ट्याने टिपलेले निरोप लॅपटॉपमध्ये साठवलेले असतात, कंपनीने दोन वर्षांचे ठेवायची सोय केलेली होती. ‘पुन्हा वाचा’ असं एक बटण होतं. ते धनाजीने कधी दाबलं नव्हतं, दाबायचं कारण नव्हतं. त्या दुपारी त्याने मोठा प्रोसेसर निवडला. आठ मिनिटं थांबला. पंखे सुटले. मग त्याने वर्षभरापूर्वीच्या तारखेपासून सगळं वाचायला लावलं. स्वप्नाली मागे येऊन उभी राहिली.

पडद्यावर दोन रकाने उमटत गेले. डावीकडे छोटा प्रोसेसर बोलला ते, उजवीकडे आबा खरं बोलले ते. ‘छान लागलंय’च्या समोर ‘नाही’. ‘मार छाप’च्या समोर ‘घोडी उतरव’. ‘चहा घ्या’च्या समोर ‘ह्यांना सांगा, हा मी नाही’. ‘आमटी झकास झालीय, सूनबाई’च्या समोर ‘स्वप्ना, पंखा लाव’. मग ओळीने तेच. पंखा लाव. धना, पंखा लाव. मोठं मशीन लाव. एका दिवशी अकरा वेळा. पावसाळ्यात शिव्या होत्या, चांगल्या सणसणीत. गणपतीच्या सुमारास एकदा ‘माझ्या बाळा, पंखा लाव रे’ असं होतं. एवढ्या वर्षांत आबांनी त्याला बाळा म्हटलं नव्हतं.

दिवाळीनंतर उजवा रकाना रिकामा झाला. धनाजीला वाटलं, यंत्र अडकलं. त्याने खालच्या ओळी उघडून पाहिल्या. यंत्राने तिथे बारीक अक्षरांत कारण लिहिलं होतं: बोलण्याचा प्रयत्न आढळला नाही, गिळण्याची हालचाल. दिवाळीपासून आबांनी बोलायचंच सोडून दिलं होतं. त्यांनी आवंढा गिळला की छोटा प्रोसेसर ‘छान लागलंय’ म्हणत होता. यशोधराबाईंचा तंबोरा आवंढ्यावर पास झाला होता.

स्वप्नालीने पदर तोंडात कोंबला आणि आत निघून गेली. मग लॅपटॉप तसाच चालू ठेवून धनाजीने तो आबांच्या खुर्चीशी नेला. पंखे जोरात फिरत होते. आबांना ते ऐकू आलं असावं, कारण नजर पंख्याच्या बाजूला वळली आणि तिथेच राहिली.

धनाजी खाली बसला. त्याने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. खूण करतानाचा तो राग सांगितला, ‘स्पष्टता कमी होऊ शकते’ सांगितलं. एकतीस तंबोरे आबांच्या छापाने बाहेर गेलेत, एकेक करून परत मागवतो, जवारी नव्याने लावतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं काय ते लिहून कळवतो, असं म्हणाला. तुम्ही शिव्या घाला, आबा, पण बोला, असंही म्हणाला.

पडदा बराच वेळ कोरा होता. निरोप वर्षभरात फार क्षीण झाला होता. दोनदा ‘अस्पष्ट’ अशी अक्षरं आली आणि गेली. मग आवाज आला, एकेक शब्द तोडून.

“तुला ऐकू येत होतं?”

काय विचारलंय ते धनाजीला तत्काळ कळलं. गंधार अडकलाय हे तुझ्या कानाला कळत होतं का, एवढंच आबांना हवं होतं. नाही म्हटलं असतं, तर गुन्हा मशीनचा ठरला असता. पोरगा फसला, बिचाऱ्याला कान नव्हता. पण मग एकोणीस वर्षं आबा जे तोंड वाकडं करत आले तेही खरं ठरलं असतं, आणि यापुढे कानस धरायचं कारण उरलं नसतं. हो म्हणावं, तर बहिरेपणाचीही सबब गेली. मग त्याने जाणूनबुजून आजारी बापाचं तोंड बांधून त्याच्या नावावर खोटे तंबोरे विकले, एवढंच उरत होतं. पंख्याची गरम हवा त्याच्या गुडघ्यावर येत होती. खोटं बोलायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

“येत होतं, आबा,” तो म्हणाला. “प्रत्येक वेळी.”

आबांनी डोळे मिटले. पुढच्या वाक्याला पाच मिनिटं लागली असतील. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते एवढ्याशा शब्दांत येईल आणि असं येईल, हे धनाजीच्या स्वप्नातही नव्हतं.

“कान आहे मग तुला.”

त्या दिवसापासून धनाजीने लॅपटॉप मोठ्या प्रोसेसरवरच ठेवला. जवारी लावायला तो तंबोरे घेऊन गच्चीवर जाऊ लागला. परत आलेले एकतीसच्या एकतीस त्याने तिथे नव्याने लावले, आणि ते चांगले लागले. आबा पुढे चार महिने जगले. पडद्यावर ‘अस्पष्ट’सुद्धा येत नव्हतं, रोज तेवढंच: बोलण्याचा प्रयत्न आढळला नाही. त्या चार महिन्यांत ते कुणाशी एक शब्दही बोलले नाहीत.